पदकाच्या कडेवरचे नाव: महायुद्धातील नौसैनिकाच्या खुणा कशा पडताळतात?

१/
दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या नौसैनिकाची पदके, बाहीवरचे बिल्ले आणि टोपीची फीत संग्राहकाच्या हाती येते, तेव्हा पहिला प्रश्न असतो: ही खरी आहेत का? त्याहून अवघड प्रश्न पुढचा असतो: ही त्याच माणसाची आहेत का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले जाते आणि त्या शोधात ब्रिटिश व भारतीय खलाशांच्या वाट्याला किती वेगळे नशीब आले, याविषयीचा हा थ्रेड.

२/
समजा, काचेच्या चौकटीत मांडलेला एक संच विक्रीला आहे. त्यात १९३९-४५ स्टार, अटलांटिक स्टार, बर्मा स्टार, पॅसिफिक स्टार आणि वॉर मेडल अशी पाच पदके आहेत. शेजारी डाव्या बाहीवरचा बिल्ला: फुलीसारखे ठेवलेले दोन नांगर आणि खाली तीन पट्ट्या. वर टोपीची काळी फीत, तिच्यावर सोनेरी अक्षरांत एका क्रूझरचे नाव. चिठ्ठी सांगते: '१९४० साली सक्तीच्या भरतीत घेतलेल्या एका ब्रिटिश खलाशाची युद्धकाळातील सर्व मानचिन्हे.'

३/
संच देखणा आहे. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे तपासली तर ती अस्सलही ठरू शकेल. तरीही हा संच एका माणसाचा असू शकत नाही. त्याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही कारणे त्या चौकटीतच आहेत. ती पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. नौदलाचे नियम ठाऊक असावे लागतात.

४/
पहिले कारण पदकांचे. महायुद्धातील स्टार पदकांना काटेकोर नियम होते. बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार ही दोन्ही पदके एकाच व्यक्तीला मिळत नसत. दोन्हींची पात्रता असेल, तर जे आधी मिळवले ते पदक दिले जाई आणि दुसऱ्याच्या नावाची धातूची छोटी पट्टी पहिल्याच्या फितीवर बसवली जाई. म्हणजे या चौकटीत किमान दोन माणसांची पदके एकत्र आली आहेत.

५/
दुसरे कारण बाहीवरच्या तीन पट्ट्यांचे. सैन्यात पट्ट्या म्हणजे हुद्दा, अशी सर्वसाधारण समजूत असते. रॉयल नेव्हीत मात्र नांगराखालच्या या पट्ट्या सद्वर्तनाच्या होत्या. पहिली ३ वर्षांनंतर, दुसरी ८ आणि तिसरी १३ वर्षांनंतर मिळे. १९४० साली भरती झालेल्याला १९४५ पर्यंत जेमतेम एक पट्टी मिळाली असती. तीन पट्ट्यांचा मालक युद्धापूर्वीच नौदलात मुरलेला, नियमित सेवेतला माणूस होता.

६/
तिसरे कारण टोपीच्या फितीचे. युद्ध सुरू झाल्यावर कोणती नौका कोणत्या बंदरात आहे हे शत्रूच्या हेराला खलाशाच्या टोपीवरून कळू नये, म्हणून फितीवरील नौकांची नावे काढण्यात आली. उरली ती केवळ 'एच.एम.एस.' ही अक्षरे. नाव असलेली फीत खोटीच असते असे नाही. ती युद्धापूर्वीची किंवा युद्धानंतरची असेल. पण '१९४० साली भरती, सर्व मानचिन्हे युद्धकाळातील' या दाव्यात ती बसत नाही.

७/
पडताळणीचे पहिले सूत्र येथे सापडते. बनावट वस्तूपेक्षा बनावट संच ओळखणे कठीण असते. वस्तू घडवणाऱ्याला साचा, धातू, धागा सारे जमवावे लागते. संच जुळवणाऱ्याला फक्त अस्सल वस्तू शेजारी ठेवाव्या लागतात आणि त्यांना एक गोष्ट चिकटवावी लागते.

८/
वस्तू स्वतः जे सांगते तेही आधी ऐकून घ्यावे लागते. सर्वांत सोपी खूण मुकुटाची. १९०१ नंतरच्या राजांच्या काळात बिल्ल्यांवर 'ट्यूडर' मुकुट असे. त्याच्या कमानी बाहेर फुगलेल्या दिसतात. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात 'सेंट एडवर्ड' मुकुट आला; त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. दबलेल्या कमानींचा बिल्ला १९४३ च्या लढाईत असणे शक्य नाही.

९/
मात्र या खुणेलाही आता एक फाटा फुटला आहे. २०२२ साली तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर धर्तीचा मुकुट स्वीकारला. त्यामुळे नवे ब्रिटिश बिल्ले पुन्हा जुन्यांसारखे दिसू लागले आहेत. मुकुटावरून 'युद्धानंतरचा' हे सिद्ध होऊ शकते. 'युद्धकाळातील' हे केवळ मुकुटावरून सिद्ध होत नाही.

१०/
दुसरी चाचणी अतिनील दिव्याची. महायुद्धानंतर धागे आणि धुण्याच्या पावडरी यांत शुभ्रता वाढवणारी रसायने सर्रास वापरली जाऊ लागली. अशा धाग्यावर अतिनील प्रकाश पडला की तो निळसर-पांढरा चमकतो. १९४० च्या दशकातील कापडी बिल्ला सहसा असा चमकत नाही. पण जुना बिल्ला कोणी अलीकडे घरच्या पावडरीत धुतला असेल, तर तोही चमकेल. म्हणून दिव्याचा कौल अंतिम मानत नाहीत.

११/
तिसरी चाचणी मापाची. गोल मोहीम-पदकांचा व्यास साधारणपणे ३६ मिलिमीटर असतो. कडेवरचे मूळ नाव घासून तेथे दुसरे, अधिक 'किमती' नाव कोरले असेल, तर घासलेला धातू परत येत नाही. व्यास किंचित कमी भरतो. साधा व्हर्नियर कॅलिपर येथे मोठ्या तज्ज्ञाचे काम करतो.

१२/
या चाचण्या 'वस्तू कधीची' एवढेच सांगतात. 'वस्तू कोणाची' हे सांगण्यासाठी माणसाच्या सेवानोंदीकडे जावे लागते. ब्रिटिश खलाशाच्या बाबतीत मोठी अडचण येते ती येथेच. पहिल्या महायुद्धातील पदकांवर ब्रिटनने शिपाई-खलाशांची नावे कोरली होती. दुसऱ्या महायुद्धातील मोहीम-पदके मात्र आपल्या माणसांना कोरी दिली. शौर्यपदके आणि दीर्घ सेवेची पदके तेवढी नावानिशी होती.

१३/
कोरे पदक कोणाचेही असू शकते. त्यामुळे ब्रिटिश नौसैनिकाच्या संचाचे मोल बहुतांशी सोबतच्या कागदांवर ठरते. त्यात महत्त्वाची ती त्याची सेवानोंद. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या नौकेवर, कोणत्या हुद्द्यावर, वर्तन कसे, सद्वर्तनाची पट्टी कधी मिळाली, कधी काढून घेतली, सेवा कशी संपली, हे सारे तिच्यात ओळीने असते. उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे गोंदणसुद्धा.

१४/
नोंदीतला सेवाक्रमांकही बोलका असतो. रॉयल नेव्हीत 'जे' हे अक्षर डेकवरच्या खलाशांचे, 'के' स्टोकरांचे, 'एल' अधिकाऱ्यांच्या स्वयंपाकी-सेवकांचे. १९२५ पासूनच्या क्रमांकांत त्यापुढे 'एक्स' आले. त्याआधी 'पी', 'डी' किंवा 'सी' हे अक्षर माणूस पोर्ट्समथ, डेव्हनपोर्ट की चॅटम या तळाचा ते सांगते. 'केएक्स' क्रमांकाच्या कागदासोबत सिग्नलमनचा फुलीतल्या झेंड्यांचा बिल्ला आला, तर थांबून विचारावे लागते: स्टोकरच्या उजव्या बाहीवर तर प्रॉपेलर असायला हवा होता.

१५/
नोंद वाचतानाही ठेच लागते. 'एच.एम.एस. व्हिक्टरी' असे दिसले की नवख्या वाचकाला नेल्सनची नौका आठवते. प्रत्यक्षात महायुद्धात ते पोर्ट्समथच्या बराकींचे नाव होते. चॅटमच्या बराकी 'पेम्ब्रोक', डेव्हनपोर्टच्या 'ड्रेक'. ब्रिटिश नौदल जमिनीवरच्या तळांनाही नौकांची नावे देई. ज्याच्या नोंदीत सहा वर्षे फक्त 'पेम्ब्रोक' आहे, त्याच्या छातीवर अटलांटिक स्टार कसा आला, हे विचारावेच लागते.

१६/
कारण १९३९-४५ स्टारसाठी नौसैनिकाला युद्धक्षेत्रातील समुद्रावर सहा महिने काढावे लागत, आणि अटलांटिक स्टारसाठी त्यानंतर आणखी सहा महिने अटलांटिकच्या क्षेत्रात. नियमांची ही शिडी ठाऊक असली की नोंदीतील तारखा आणि पदके समोरासमोर ठेवून हिशोब मांडता येतो. जो हिशोब जुळत नाही तो संच बाजूला ठेवावा लागतो, मग सांगितलेली कथा कितीही हृद्य असो.

१७/
आता भारताकडे वळू. येथे चित्र नेमके उलटे आहे. भारतीय सैन्यदलांना दिलेल्या महायुद्धातील पदकांवर नावे कोरलेली होती. रॉयल इंडियन नेव्हीच्या खलाशाच्या वॉर मेडलच्या कडेवर किंवा स्टार पदकाच्या मागच्या बाजूवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि 'आर.आय.एन.' ही अक्षरे आढळतात. लंडनच्या खलाशाचे पदक मुके राहिले आणि रत्नागिरीच्या खलाशाचे पदक नाव सांगते.

१८/
रत्नागिरीचे नाव येथे सहज आलेले नाही. या नौदलाचा पूर्वावतार म्हणजे रॉयल इंडियन मरीन. त्याचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून, विशेषतः तेथील मुस्लिम दर्यावर्दी घराण्यांतून येत. २ ऑक्टोबर १९३४ रोजी त्या दलाचे रॉयल इंडियन नेव्ही झाले. युद्धाच्या आरंभी जेमतेम दोन हजारांच्या आसपास असलेले हे दल युद्धाअखेर पंचवीस हजारांच्या पुढे गेले आणि भरती साऱ्या हिंदुस्थानातून होऊ लागली.

१९/
या तारखांचाही पडताळणीत उपयोग होतो. 'आर.आय.एम.' अक्षरांचे बटण किंवा बिल्ला १९३४ पूर्वीच्या दलाचा. राजमुकुट आणि 'एच.एम.आय.एस.' ही अक्षरे त्यानंतरची. २६ जानेवारी १९५० पासून राजमुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि नौकांच्या नावांपुढे 'आय.एन.एस.' लागले. सिंहांचा बिल्ला आणि '१९४४, अराकान किनारा' ही चिठ्ठी एकत्र नांदू शकत नाहीत.

२०/
जमिनीवरच्या 'नौकां'चा घोळ येथेही आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 'एच.एम.आय.एस. शिवाजी' हे नाव वाचून डोळ्यांपुढे युद्धनौका उभी राहते. ती होती लोणावळ्याची यांत्रिकी प्रशिक्षणाची आस्थापना, आणि तिची स्थापना १५ फेब्रुवारी १९४५ ची. '१९४२ साली एच.एम.आय.एस. शिवाजीवरून लढलेला खलाशी' असे कोणी सांगितले, तर त्या एका वाक्यात दोन चुका आहेत: ती नौका नव्हती आणि १९४२ साली ती अस्तित्वातही नव्हती.

२१/
संशय घेणे सोपे असते. पण अपुऱ्या माहितीवर घेतलेला संशय अस्सल वस्तूचाही बळी घेतो. समजा, आर.आय.एन. खलाशाच्या नावाच्या पदकांत इटली स्टार निघाला. 'भारतीय खलाशी आणि इटली? कोणीतरी मागाहून जोडलेला दिसतो,' असे म्हणून तो वेगळा काढण्याचा मोह होईल.

२२/
पण जुलै १९४३ मध्ये दोस्त सैन्य सिसिलीवर उतरले, तेव्हा त्या आरमारात 'सतलज' आणि 'जमना' या दोन भारतीय स्लूप नौका होत्या. इटली स्टारचा काळ ११ जून १९४३ पासून सुरू होतो. म्हणजे या दोन नौकांवरच्या खलाशाकडे इटली स्टार असणे अगदी स्वाभाविक आहे. पुढे जानेवारी १९४५ मध्ये 'जमना' अराकान किनाऱ्यावरच्या मोहिमेत होती. इटली आणि बर्मा असे दोन्ही स्टार एका भारतीय छातीवर शोभतील, असा हा प्रवास आहे.

२३/
म्हणून पडताळणीचे दुसरे सूत्र: नौकेचा इतिहास आणि माणसाचा इतिहास शेजारी ठेवून वाचावा. 'पठाण' ही नौका जून १९४० मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बुडाली. 'इंडस' एप्रिल १९४२ मध्ये अक्याब येथे जपानी विमानांच्या हल्ल्यात गेली. या तारखांनंतर त्या नौकांवर 'रुजू' झालेला खलाशी दाखवणारा कागद चुकीचा असतो किंवा बनावट.

२४/
याच संदर्भात एका लढाईचे उदाहरण फार शिकवणारे आहे. ११ नोव्हेंबर १९४२. सुमारे साडेसहाशे टनांची 'बंगाल' ही सुरुंग काढणारी छोटी भारतीय नौका 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजासोबत फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाली होती. हिंदी महासागरात त्यांना दोन सशस्त्र जपानी जहाजांनी गाठले: 'होकोकु मारू' आणि 'आइकोकु मारू'. दोन्ही प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी.

२५/
'बंगाल'वर मुख्य तोफ एकच, तीही १२ पौंडी. तिचा कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन याने पळण्याऐवजी नौका थेट शत्रूच्या दिशेने वळवली, तेलवाहू जहाजाला निसटायला वेळ मिळावा म्हणून. 'ओंडिना'नेही आपल्या एकमेव चार इंची तोफेने मारा केला. 'होकोकु मारू'ला आग लागली, स्फोट झाला आणि ते बुडाले. 'ओंडिना'चा कप्तान ठार झाला, पण जहाज फ्रीमँटलला परतले. 'बंगाल' दिएगो गार्सियाला पोचली.

२६/
आता प्रश्न असा: त्या दिवशी 'बंगाल'वर असलेल्या साध्या खलाशाच्या पदकांवर या लढाईची खूण कोठे आहे? कोठेही नाही. मोहीम-पदके शौर्य मोजत नाहीत. माणूस कोणत्या क्षेत्रात किती दिवस होता ते मोजतात. या लढाईसाठी वेगळी पट्टी नव्हती. ज्याला स्वतंत्र शौर्यपदक मिळाले नाही, त्याच्या छातीवरची फीत आणि बंदरात गस्त घालणाऱ्या दुसऱ्या खलाशाची फीत अगदी सारखी असू शकते.

२७/
तो खलाशी 'बंगाल'वर होता हे सांगू शकते ती केवळ सेवानोंद. त्यात 'बंगाल'चे नाव हवे आणि ११ नोव्हेंबर १९४२ ही तारीख त्याच्या रुजू होण्याच्या व बदलीच्या तारखांच्या मध्ये पडायला हवी. 'बंगाल' ऑगस्ट १९४२ मध्ये सिडनीत सेवेत दाखल झाली. त्याआधीची तारीख दिसली तर सावध व्हावे. पदकावर नाव आहे म्हणून पराक्रमही त्याचाच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

२८/
भारतीय खलाशाच्या पदकाची शोकांतिका येथे सुरू होते. धातूवर नाव आहे, पण त्या नावापासून माणसापर्यंत जाणारी वाट खडतर आहे. अधिकाऱ्यांची नावे छापील 'नेव्ही लिस्ट'मध्ये सापडतात. साध्या खलाशांची तशी छापील यादी नसे. त्यातच नावांचे रोमन लेखन लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. 'शेख' हे एकच नाव चार कारकुनांनी चार प्रकारे लिहिलेले असते, आणि 'मोहम्मद इब्राहिम' नावाची माणसे एकाच किनाऱ्यावर कितीतरी.

२९/
म्हणून भारतीय पदक वाचताना नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा. नाव चुकू शकते, दुसऱ्याशी जुळू शकते. सेवाक्रमांक सहसा जुळत नाही. त्याच्या जोडीला वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा. भारतीय सैन्यदलांच्या जुन्या नोंदींत हे तपशील लिहिण्याची पद्धत होती. आडनाव न लावणाऱ्या घरांतील माणूस ओळखण्याचा तो एकमेव भरवशाचा मार्ग आहे.

३०/
नोंदींच्या वाटेत १९४७ चीही रेषा आहे. फाळणीत नौदलाची माणसे आणि नौका दोन्ही वाटल्या गेल्या. सहा स्लूप नौकांपैकी 'सतलज', 'जमना', 'कृष्णा' आणि 'कावेरी' भारताकडे आल्या. 'नर्मदा' आणि 'गोदावरी' पाकिस्तानकडे गेल्या. नर्मदा-गोदावरीच्या नावांच्या नौका कराचीला गेल्या आणि तेथे त्यांची नावे बदलली. एकाच नौकेवर खांद्याला खांदा लावून लढलेल्या दोन खलाशांचे पुढचे कागद दोन देशांत असू शकतात.

३१/
युद्धात मरण पावलेल्यांचा शोध काही प्रमाणात सुकर आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशा रॉयल इंडियन नेव्ही आणि व्यापारी जहाजांवरील सुमारे ६,५०० जणांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या स्मरणग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला. जे जिवंत परतले त्यांच्यासाठी असा ग्रंथ नाही. भारतीय नौदलाच्या खलाशांच्या सेवा आणि निवृत्तिवेतनाच्या नोंदी पाहणारे कार्यालय आज मुंबईतच, मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये आहे.

३२/
सेवानोंदीचे मोल पदकाच्या किमतीपलीकडे जाते, ते १९४६ च्या प्रकरणात. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' या आस्थापनेत नौसैनिकांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण, वर्णद्वेषी वागणूक आणि स्वातंत्र्याची आस ही त्याची कारणे. 'तलवार' हे संदेशवहनाचे प्रशिक्षण केंद्र होते. पाहता पाहता ७८ नौका, २० किनारी आस्थापना आणि सुमारे २०,००० नौसैनिक उठावात सामील झाले.

३३/
उठावाच्या मध्यवर्ती समितीचा अध्यक्ष एम. एस. खान हा लीडिंग सिग्नलमन, उपाध्यक्ष मदन सिंग हा पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. त्याआधीच घोषणा रंगवल्याबद्दल पकडला गेलेला बलाई चंद दत्त हाही टेलिग्राफिस्ट. रॉयल नेव्हीच्या धर्तीवर सिग्नलमनच्या बाहीवर फुलीतले झेंडे आणि टेलिग्राफिस्टच्या बाहीवर पंखांमधली वीज असे. तो बिल्ला आज कोणाच्या संग्रहात सापडला, तर त्याकडे पाहून एवढेच कळेल की तो संदेशवाहकाचा आहे. त्याचा धनी उठावात होता की नव्हता, हे कापड सांगत नाही.

३४/
उठावानंतर ४७६ नौसैनिकांना सेवेतून काढण्यात आले. महायुद्ध लढून आलेल्या कित्येकांच्या सेवानोंदीची अखेर अशी झाली. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनासाठी ज्या लढ्यांना मान्यता दिली, त्यांत १९४६ चा नाविक उठावही आहे. ज्या नोंदीने एकेकाळी माणसाला बडतर्फ ठरवले, तीच नोंद त्याला स्वातंत्र्यसैनिक ठरवण्याचा पुरावा झाली. कागद हरवला असेल, तर नुकसान संग्राहकाचे नव्हते. एका म्हाताऱ्या माणसाचे आणि त्याच्या घराचे होते.

३५/
म्हणूनच एखाद्या बिल्ल्याला 'हा १९४६ च्या बंडखोराचा' अशी चिठ्ठी पुराव्याशिवाय लावणे हा केवळ बाजारातला लबाडपणा नाही. ज्याने खरोखर नोकरी गमावली त्याची जागा दुसऱ्या कोणाच्या तरी कापडाने अडवली जाते. खोटे पदक एका खोट्या माणसाला जन्म देते, आणि खऱ्या माणसाला शोधणाऱ्याची वाट आणखी लांबते.

३६/
कोकणात, मुंबईत किंवा अन्यत्र कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे असे पदक असेल, तर काही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ते पॉलिश लावून घासू नये; प्रत्येक घासण्यात कडेवरचे अक्षर थोडे झिजते. कड आणि मागची बाजू तिरप्या उजेडात ठेवून छायाचित्र घ्यावे आणि क्रमांक जसाच्या तसा, चूक वाटली तरी न सुधारता, लिहून ठेवावा.

३७/
पदके, बिल्ले, सेवामुक्तीचा दाखला, पत्रे, गणवेशातील फोटो हे सारे एकत्र ठेवावे. वाटणीत एकाला पदके आणि दुसऱ्याला कागद असे होऊ देऊ नये. त्या क्षणी दोन्ही अनाथ होतात. घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल ते नौकेचे नाव, बंदराचे नाव, गावाचे जुने नाव आजच टिपून घ्यावे. 'आजोबा कसल्याशा नदीच्या नावाच्या बोटीवर होते' एवढे वाक्यही संशोधकाला मोजक्या नौकांपर्यंत आणून सोडते.

३८/
आणि जुन्या बाजारात असे पदक दिसलेच, तर भाव विचारण्यापूर्वी कड वाचावी. तेथे एक क्रमांक असेल, एक हुद्दा असेल आणि कोणा कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले एक नाव असेल. त्या नावाचे घर अजून कोठेतरी किनाऱ्यावर असू शकते आणि आपला माणूस कोणत्या समुद्रावर होता, हे त्या घराला कदाचित ठाऊकही नसेल.

(थ्रेड समाप्त)